जुन्या ४०७ ची पुढची काच घरीच बदलायची आहे (रबरात बसणारी)

मांडववाला_रामबाग

नमस्कार मंडळी. इंदूरला आमचं मंडप-डेकोरेशनचं काम आहे. सामान वाहायला वडिलांच्या वेळची टाटा ४०७ आहे, १९९८ ची. तिच्या पुढच्या काचेला ड्रायव्हरच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून तडा गेलाय आणि तो हळूहळू वर सरकत आता थेट स्टिअरिंगच्या समोर आलाय. दगड लागल्याची खूण कुठेच नाही. राऊकडून येताना एका स्पीडब्रेकरवर गाडी आपटली, तेव्हा 'टक्' असा आवाज आला, बस.

काच चिकटवलेली नाही. जाड काळ्या रबरात बसवलेली आहे आणि रबराच्या मधून एक चपटी पट्टी फिरते. देवास नाक्यावर एका दुकानात विचारलं. तो म्हणाला, "भिया, गाडी लावा, अर्ध्या तासात काच टाकून सिलिकॉन मारून देतो, रबर जुनंच चालेल." मला ते काही पटलं नाही, कारण गेल्या पावसाळ्यात याच कोपऱ्यातून पाणी गळून माझ्या ॲक्सिलरेटरवरच्या पायावर पडायचं.

लग्नसराई संपली, गणपतीच्या ऑर्डरी अजून लांब आहेत, त्यामुळे सध्या वेळ आहे. हाताखाली दोन पोरं आहेत, साधी हत्यारं आहेत. पाऊस लागायच्या आत हे घरी करता येईल का? काय काय लागेल?

एबीरोड_रोजचा

भावा, नको त्या फंदात पडू. बसवताना फिटरच्या हातून काच फुटली तर ती त्याच्या डोक्यावर, तुझ्या हातून फुटली तर तुझ्या. मजुरी असते ती त्याचीच. मी आजवर एकदाही घरी काच बसवली नाही आणि बसवणारही नाही. फक्त फिटरला सांग, रबर नवं टाक.

काचवाले_काका

मांडववाले, करता येईल. आयुष्यभर हेच केलं, आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून बंद केलं. पण तुम्ही विचारताय काचेबद्दल आणि तुमचं दुखणं काचेचं नाहीच.

नीट बघा. दगड लागला तर काचेवर डोळ्यासारखी खूण पडते आणि तडे तिथून चारी दिशांना पळतात. तुमचा तडा कडेतून निघालाय, तोही खालच्या कोपऱ्यातून, आणि तिथूनच पाणी गळत होतं. म्हणजे रबराच्या आत, पत्र्याची जी उभी कड असते तिला गंज धरलाय. गंज फुगतो. फुगलेला गंज रबराला आतून रेटतो आणि रबर काचेच्या कडेला. काच मधून कितीही दणकट असली तरी कडेला ती नाजूकच. त्यात गाडी आपटली, केबिन पिळली, टक्. त्या दुकानदाराने अर्ध्या तासात नवी काच त्याच फुगवट्यावर बसवली असती आणि दिवाळीपर्यंत तुम्ही पुन्हा त्याच्या दारात.

तेव्हा काम उलटं धरा. सगळा वेळ पत्र्याच्या कडेला द्या. कड सरळ आणि स्वच्छ असली की काच बसवणं हा तासाभराचा खेळ आहे.

जुनी काच काढताना रबर वाचवायच्या भानगडीत पडू नका. इतक्या वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. आधी बॅटरीची वायर काढा, वायपरचे हात काढा, आतला आरसा, सनवायझर, डॅशवरचे देवबाप्पा सगळं खाली उतरवा. डॅशबोर्डवर जाड चादर अंथरा, हवा यायच्या फटी कागदाने बंद करा, नाहीतर काचेची कणी तिथे जाऊन बसते आणि पुढे ब्लोअर लावला की डोळ्यांत येते. तड्यावर रुंद चिकटपट्टी मारा. मग बाहेरून कटरने रबराचा बाहेरचा ओठ पूर्ण कापून काढा, चारी बाजूंनी. तुम्ही आत सीटवर पाठ टेकून बसा, बूट घालून तळपाय काचेच्या वरच्या दोन कोपऱ्यांना लावा आणि रेटा. लाथ मारायची नाही, रेटायचं, हळूहळू जोर वाढवत. बाहेर दोघं चामड्याचे हातमोजे घालून झेलायला उभे. डोळ्यांवर चष्मा तिघांच्याही.

आता कड. सुरुवातीला नुसती माती आणि काळा चिखल दिसेल. तो खरवडा, वायरब्रश मारा, मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घेऊन दाबत दाबत फिरा, खालचे दोन कोपरे तर बोट-बोट तपासून. जिथे टोक आत जाईल तिथे पत्रा संपलाय. तिथे पुट्टी भरू नका. पुट्टीखाली गंज जेवत राहतो. डेंटरकडे नेऊन ती जागा कापून पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्या आणि वेल्डचा उंचवटा घासून कडेच्या रेषेत आणायला सांगा, कारण वेल्डचा फुगवटाही गंजाच्या फुगवट्याइतकाच वाईट. मग पॉलिश पेपर, गंज मारायचं ॲसिडवालं औषध, रेड ऑक्साइड, वर रंग. रात्रभर वाळू द्या. बोट फिरवलं की कुठेच अडकता कामा नये.

आणि गाडी डेंटरकडे उभी आहेच, तर केबिन जिथे चॅसीवर बसते तिथले रबरी बुश बघून घ्या. ते चपटे झाले असतील तर रस्त्यावरचा सगळा पीळ केबिनच्या चौकटीत येतो आणि तिथून काचेत. हे कोणी बघत नाही.

बसवायचं उद्या लिहितो. जेवायला हाक आली.

मांडववाला_रामबाग

काका, तुम्ही इथे बसून गाडी बघितल्यासारखं सांगितलंत. आत्ता टॉर्च लावून रबराचा ओठ थोडा उचलून पाहिला. खाली तपकिरी पापुद्रे निघताहेत. काच कोणती घेऊ? दुकानात दोन प्रकार दाखवले.

काचवाले_काका

पुढे लॅमिनेटेडच. दुसरी जी दाखवली असेल ती टफन्ड, ती बाजूच्या खिडकीला. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा असतो, त्यामुळे तडकली तरी जागेवर राहते, समोरचं थोडंफार दिसतं, तुम्ही गाडी बाजूला घेऊ शकता. टफन्ड फुटली की एका क्षणात सगळी साबुदाणा होते आणि मानपूरच्या घाटात समोरून ट्रेलर येत असताना ते परवडत नाही. काचेच्या कोपऱ्यात छाप बघा: आयएसआयची खूण आणि आयएस २५५३. छाप नाही तर काच नाही.

नेताना कधी आडवी झोपवायची नाही. गोणपाटावर किंवा थर्माकोलवर उभी, टेकवून, दोरीने बांधून. खाली फरशीवर टेकवताना कडेखाली लाकडाच्या दोन पट्ट्या. बहुतेक काचा गाडीत बसवताना फुटत नाहीत, टेम्पोतून उतरवताना फुटतात.

आता बसवणं. रबराला खाचा असतात. एका खाचेत काच जाते, दुसरीत पत्र्याची कड, आणि बाहेरून जी तिसरी दिसते तिच्यात ती चपटी पट्टी, म्हणजे फिलर. तयार गोल रबर मिळालं तर उत्तम. मीटरवर घेतलंत तर अगदी मापात कापू नका, बोटभर जास्त ठेवा आणि दाबून बसवा, कारण ताणून बसवलेलं रबर थंडीत आखडतं आणि जोड उघडतो. जोड कोपऱ्यात येऊ देऊ नका.

टेबलावर गोधडी अंथरून काच त्यावर ठेवा, रबर काचेला चढवा. मग पत्र्याच्या खाचेत दोरी भरायची, पूर्ण गोल, आणि दोन्ही टोकं खाली मध्यभागी वीतभर एकमेकांवर चढवून बाहेर लोंबती ठेवायची. तुमच्याकडे मंडपाच्या दोऱ्यांचा ढीग असेल पण ती दोरी नको, जाड आणि खरखरीत. कपडे वाळत घालायची गुळगुळीत विणीची नायलॉन, चार-पाच मिलिमीटरची. सियागंजात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

खाचेला आणि पत्र्याच्या कडेला भांडी घासायच्या साबणाचं पाणी सढळ हाताने लावा. डिझेल, ग्रीस, रॉकेल अजिबात नाही. बरेच फिटर लावतात, कारण पटकन सरकतं. पण त्याने रबर फुगतं आणि कडेने लॅमिनेटमध्ये शिरलं तर काच कडेने पांढरी पडायला लागते.

दोघांनी बाहेरून काच उचलून चौकटीला लावायची, आधी खालची बाजू, दोन्हीकडे फट सारखी बघून. दोरीची टोकं आत. एकाने आत बसून टोक काचेला समांतर, काचेच्या मधल्या बाजूकडे ओढायचं. परकराची नाडी ओढावी तशी ती निघत जाते आणि जाता जाता रबराचा ओठ उचलून पत्र्याच्या आतल्या अंगावर टाकते. बाहेरच्याने नेमका तिथेच, जिथे दोरी निघते आहे त्याच्या समोर, उघड्या पंजाने दाबत राहायचं. आधी खालची पूर्ण बाजू, मग एक बाजू वर, दुसरी बाजू वर, शेवटी माथा. कोपऱ्यावर घाई केली की ओठ फाटतो. कुठे अडकला तर स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. मंडपवाले आहात, बांबूची एक चिप घ्या, टोक चपटं घासून पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. त्यासारखं हत्यार बाजारात नाही. पोलाद काचेच्या कडेला लागलं की तेव्हा काही दिसत नाही, आठवड्याने तडा निघतो.

फिलर शेवटी. त्यासाठी मुठीचं छोटं हत्यार येतं, पुढे तारेचा फासा असलेलं. पट्टी फास्यातून ओवली की तो रबराची खाच उघडत जातो आणि पट्टी मागे बसत जाते. फिलर टाकल्यावरच रबर काचेवर खरं आवळतं.

दुपारी करा, उन्हात रबर अर्धा तास ठेवून. मऊ पडतं. पण काच उन्हात तापवू नका आणि तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका.

हिशेब_छावणी

काका फिटिंगचं सांगताहेत, मी कागदाचं सांगते. आमच्या घरी ट्रान्सपोर्टचा धंदा आहे आणि खाती मीच बघते.

दादा, जुनी काच फेकण्याआधी फास्टॅगचा विचार करा. तो काचेला चिकटलेला असतो आणि सोलून काढला की बाद होतो, तसाच बनवलेला असतो, म्हणजे कोणी एकाचा टॅग काढून दुसऱ्या गाडीला लावू नये. ज्या बँकेचा आहे तिथे आधीच बदली टॅग मागवून ठेवा. खातं, शिल्लक तेच राहतं. नाहीतर नवी काच लावून टोल नाक्यावर जाल आणि मागे हॉर्नची रांग लागेल.

विमा: इतक्या जुन्या गाडीचा बहुतेक नुसता थर्ड पार्टी असतो, त्यात स्वतःच्या काचेचं काही मिळत नाही. पण तुमचा पूर्ण विमा असेल तर एक लक्षात ठेवा, काचेवर घसारा कापत नाहीत. रबर आणि प्लास्टिकवर निम्मा कापतात, काचेवर शून्य. तरी क्लेम केलात की नो-क्लेम बोनस जातो, तेव्हा काचेचं बिल आणि बोनस शेजारी शेजारी मांडून बघा. आम्ही छोट्या काचेसाठी क्लेम करतच नाही. आणि क्लेम करायचा असेल तर घरी हात लावण्याआधी कंपनीला कळवा, सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत जुनी काच जागेवर असू द्या.

फिटनेस: आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचा दरवर्षी करावा लागतो, तुम्हाला माहीतच असेल. पुढची काच तडकलेली घेऊन जाऊ नका. आणि रंगीत काच कोणी गळ्यात मारली तर घेऊ नका, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे. बाजूच्यांना ५० चालतो.

पीथमपूर_शिफ्ट

माझ्याकडे नव्या मॉडेलचं पिकअप आहे. काकांच्या पद्धतीने त्याचीही काढू का? बाहेरून रबर दिसतं.

काचवाले_काका

हात लावू नका. तुमची चिकटवलेली असणार. जे रबर दिसतं ते नुसती शोभेची किनार. खाली पॉलियुरेथेनचा चिकट पदार्थ असतो, तो तारेने किंवा खास पात्याने कापून काढावा लागतो. नवा लावताना आधी काचेला आणि पत्र्याला प्रायमर, मग एकसारखी धार आणि मग सांगितलेला वेळ गाडी हलवायची नाही. त्या गाड्यांत काच केबिनच्या मजबुतीत धरलेली असते, गाडी उलटली किंवा एअरबॅग फुटली तर तिने जागेवर राहणं गरजेचं आहे. ४०७ मध्ये काच फक्त वारा-पाऊस अडवते. म्हणून तिथे घरी करा म्हणतो, इथे नाही म्हणतो.

ओळखायचं कसं: आतून रबराचा ओठ पत्र्यावर चढलेला दिसतो का बघा. दिसला तर रबरवाली. नुसता काळा पट्टा काचेतच छापलेला दिसला तर चिकटवलेली.

एबीरोड_रोजचा

काका, मानलं. पण मजुरी वाचवायला एवढा उपद्व्याप? गाडी डेंटरकडे न्यायचीच आहे तर फिटरही तिथेच मिळतो.

काचवाले_काका

मजुरी वाचते म्हणून करा असं मी कुठे म्हटलं? फिटरला काच मोजून पैसे मिळतात. कड घासायला तो थांबला तर त्याच्या दोन गाड्या जातात, मग तो कशाला थांबेल? मीही दुकानात होतो तेव्हा मालक घड्याळ दाखवायचा. ज्याची गाडी आहे तोच कडेला तेवढा वेळ देऊ शकतो. कड स्वतः करा आणि काच फिटरकडून बसवून घ्या, तरी माझी हरकत नाही.

मांडववाला_रामबाग

मंडळी, झालं काम. कळवायला उशीर झाला, मध्येच एका बारशाचा मंडप आला.

काच काढल्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात कड बोटभर लांबीची गायबच होती. पत्र्याच्या जागी तपकिरी भुसा आणि त्यात चक्क कडुनिंबाची वाळलेली पानं! डेंटरने तुकडा लावला. केबिनचा डावा पुढचा बुशही चपटा निघाला, तोही बदलला. दोरीची युक्ती बघायला गल्ली जमली होती. डाव्या वरच्या कोपऱ्यात ओठ अडकला, तिथे बांबूची चिप चालली.

आता पाइपने पाणी मारलं तर खालचे दोन्ही कोपरे कोरडे. पण वर, डाव्या कोपऱ्यातून एक थेंब आत येतोय, साधारण मिनिटाला एक. घरात सिलिकॉनची नळी आहे, मारू का?

काचवाले_काका

शाबास. सिलिकॉन मारू नका. नळीचं टोक उघडून वास घ्या, व्हिनेगरसारखा आंबट आला तर त्यातून वाळताना ॲसिड सुटतं आणि आत्ताच रंगवलेल्या कडेला पुन्हा गंजाचं बी पडतं. शिवाय ते घट्ट होतं, रबर हलतं, मग दोघांत फट पडते. न वाळणारं बुटाइलचं सीलंट आणा, काचेच्या दुकानात मिळतं.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. सगळीकडे एकदम पाइप मारलात तर कळणार नाही. पाणी खालून सुरू करा, धार हळू ठेवा, एक पोरगं आत टॉर्च घेऊन बसवा आणि वीत-वीत वर सरका. जिथे पोरगं ओरडेल तिथे थांबा. दोन वाटा आहेत: काच आणि रबर यांच्या मधून, किंवा रबर आणि पत्रा यांच्या मधून. आत काचेच्या अंगाने ओघळ आला तर पहिली, पत्र्याच्या अंगाने आला तर दुसरी. तुम्ही जिथे चिप घातलीत तोच कोपरा आहे, तेव्हा माझा अंदाज ओठ तिथे आत दुमडला असेल. आतून बोटाने चाचपा. दुमडला असेल तर साबणाचं पाणी लावून चिपेने सरळ करा, सीलंटची गरजही पडणार नाही. नसेल तर बाहेरून ओठ उचलून नळीचं टोक आत घाला आणि बोटभर पुढेमागे भरा. बाहेर आलेलं प्लास्टिकच्या पट्टीने काढा. पेट्रोलने पुसू नका.

मांडववाला_रामबाग

दुमडलेलाच होता काका! सरळ केला, थेंब बंद. पोराला आत बसवून पुन्हा सगळीकडे धार मारली, कोरडं. फास्टॅग ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधीच मागवला होता, काल लावला.

फक्त वायपर फिरवले की करकर आवाज येतो.

काचवाले_काका

ब्लेड जुनीच ठेवलीत ना? त्यांत जुन्या काचेची कणी आणि धूळ रुतलेली असते, नव्या काचेवर अर्धवर्तुळाकार ओरखडे पडतील आणि रात्री समोरच्या लाइटात तेवढेच दिसतील. आजच बदला, पाऊस येईपर्यंत थांबू नका. आणि वायपरचा हात काचेवर सोडताना हातात धरून टेकवा, स्प्रिंगने आपटू देऊ नका.